ट्रॅकसाठी बनवलेली गाडी विटा-सांगली रोजच्याला चालेल का? खरं खरं सांगा

विटेकर_८८

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतोय, लांबलं तर सांभाळून घ्या. आमचा गलाईचा म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा, काका कोइमतूरला असतात, वडील आता विट्यात आणि मी दोन्हीकडं ये-जा करतो. मागच्या महिन्यात कोइमतूरला होतो तेव्हा तिथला एक ओळखीचा मला करी मोटर स्पीडवेला घेऊन गेला. त्याच्याकडं पोर्शे ७१८ केमन जीटी४ आहे, चार लिटरचं इंजिन, टर्बो वगैरे काही नाही, ४२० हॉर्सपॉवर, सहा गिअर आणि तेही हातानं टाकायचे. दोन राउंड शेजारी बसलो, मग त्यानं चावी माझ्या हातात दिली. सव्वादोन किलोमीटरसुद्धा नाही तो ट्रॅक, पण इंजिनच्या फेऱ्यांचा काटा आठ हजाराकडं जायला लागला आणि पाठीमागून जो आवाज आला ना, खरं सांगतो अंगावर काटा आला. त्या रात्री झोपच लागली नाही.

आता तोच माणूस गाडी विकतोय. पैशाचं काय ते माझं मी बघतो, त्यावर सल्ला नको. माझा प्रश्न वेगळा आहे. मी आठवड्यातनं चार दिवस तासगावमार्गे सांगलीला जातो, एका बाजूला पन्नासेक किलोमीटर, महिन्यातनं एकदा पुणे. घरात क्रेटा आहे पण ती वडिलांकडं असते, म्हणजे ही घेतली तर रोजची गाडी हीच होणार. नेटवर बघावं तर निम्मे म्हणतात रोज चालवा काही होत नाही, निम्मे म्हणतात पाठ मोडेल, आणि दोन्हीकडचे लोक परदेशातले, त्यांना आपला रस्ता काय माहीत. आपल्या भागात कुणी वापरलीय का अशी गाडी? ऊस सीझनमध्ये, पावसात, खेड्यातल्या स्पीडब्रेकरवर काय होतं ते सांगा की.

मिरज_अलाइनमेंट

भावा मी मिरजेत टायर आणि अलाइनमेंटचं काम करतो. असल्या गाड्या माझ्याकडं वर्षाला दोन-चारच येतात, पण येतात त्या कशापायी येतात ते सांगतो.

या गाडीला पुढं २४५/३५ आणि मागं २९५/३०, रिम २० इंची. आता हिशोब कर, पुढच्या टायरची भिंत २४५ मिलिमीटर रुंदीच्या ३५ टक्के म्हणजे साडेआठ सेंटीमीटर, मागची जेमतेम नऊ. तुझ्या क्रेटाचा टायर २१५/६० असेल तर तिथं जवळजवळ तेरा सेंटीमीटर रबर आहे. हे चार सेंटीमीटर लय मोठे असतात राव. खड्ड्याची कड आली की पातळ भिंत दबते आणि रिम आणि दगड यांच्यात टायर चिमटला जातो, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी बाजूला लिंबाएवढा फुगा. फुगा आला की टायर गेला, तो पंक्चर काढल्यासारखा काढता येत नाही. स्टेपनी नसते, पंप आणि सीलंटची बाटली असते, आणि भिंत फाटल्यावर ती बाटली काय कामाची नाही. रात्री दहाला तासगावच्या अलीकडं उभा राहिलास तर गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे अख्खी ट्रकवर चढवूनच न्यावी लागणार. आकडा लावून ओढायला आलेल्याला हातसुद्धा लावू द्यायचा नाही.

दुसरं म्हणजे रबर. ही कंपनीतून येते तीच ट्रॅकच्या टायरवर, पायलट स्पोर्ट कप २. तो टायर गरम झाला की डांबराला धरतो, पण ट्रॅकवर दोन राउंडात जेवढा तापतो तेवढा तासगाव रोडला साठच्या स्पीडनं दिवसभर गेलास तरी तापत नाही. आणि त्याच्या खाचा कमी आणि उथळ, साचलेलं पाणी बाहेर फेकलं जात नाही, गाडी पाण्यावर तरंगते आणि स्टिअरिंग एकदम हलकं होतं. जुलैमध्ये एकजण आला होता, गाडी दुसरी पण टायर याच जातीचा. म्हणाला सत्तरला होतो, ब्रेकपण लावला नव्हता, गाडी आपोआप आडवी झाली. नशीब समोरून काही नव्हतं. त्याचे हात माझ्या दुकानात चहा पितानासुद्धा थरथरत होते.

आणि कॅम्बर. ट्रॅकसाठी चाकं वरच्या बाजूनं आत कलती ठेवतात, म्हणजे वळणात गाडी झुकली की टायर पूर्ण टेकतो. सरळ रस्त्यावर मात्र आतली कडच घासत राहते. बाहेरून बघितलं तर टायर नवाकोरा दिसतो, आतून हात फिरवला की बोटाला तार लागते. मी स्वतः असा टायर उतरवलाय, मालकाचा विश्वासच बसेना.

तासगाव_सिव्हिल

मी रस्त्याच्या कामातला माणूस आहे, गाड्यांतलं फार कळत नाही पण स्पीडब्रेकरचं विचारलंय म्हणून लिहितोय.

आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) नियमानुसार गोल हंप १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद पाहिजे, त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची, आणि तो ताशी २५ नं ओलांडायला बनवलेला असतो. तुझ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर अडीच मीटरला किंचित कमी आहे असं वाचलं. म्हणजे खऱ्या मापाच्या हंपवर चारही चाकं एकावेळी हंपवरच असतात, आणि मधला उंचवटा चाकांच्या रेषेपेक्षा साडेचार सेंटीमीटरच वर येतो. एवढ्यानं कुठल्याच गाडीचं पोट घासणार नाही.

पण आपल्याकडं गावात काय करतात, एखादा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी लोक स्वतःच डांबर नाहीतर सिमेंट ओतून मीटरभर रुंदीचा वरंबा घालतात. मी त्यांना दोष देत नाही, ज्याच्या दारात पोरगं गेलंय तो माप काढत बसणार नाही. पण तसल्या वरंब्यावर पुढची चाकं पलीकडं उतरलेली आणि मागची अजून अलीकडं, म्हणजे वरंब्याची पूर्णच्या पूर्ण उंची पोटाखाली येते. तो पंधरा सेंटीमीटर असेल आणि गाडी त्याहून खाली असेल तर घासणार म्हणजे घासणारच, कितीपण हळू जावा.

एक करा. घरापासून सांगलीपर्यंत क्रेटा घेऊन जावा, प्रत्येक वरंब्यावर उतरा, आडवी दोरी ताणून धरा आणि टेपनं उंची मोजा. एका सकाळचं काम आहे. त्यानंतर तुम्हाला कुणाला विचारायची गरजच पडणार नाही.

कृष्णाकाठ_कराड

दादा, मी चालवणारी नाही, शेजारी बसणारी आहे, तेवढंच सांगते. आमच्या घरात अशीच एक टणक सस्पेन्शनची दोन सीटची गाडी आहे. त्या सीटमध्ये बसायला कडेचा उंचवटा ओलांडून खाली घसरावं लागतं, सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या एकदाच बसल्या आणि उतरताना दोघांनी हाताला धरून काढलं, तेव्हापासून नाव काढत नाहीत. कराडहून कोल्हापूरला निघालो तर सहापदरीच्या कामामुळं सारखं सर्व्हिस रोडला उतरायचं, परत वर चढायचं, आणि प्रत्येक उतारावर आमचे हे श्वास धरून बसलेले असतात. प्रवास म्हणून मजा अशी राहतच नाही. रोजची म्हणून घेऊ नका, घरातल्यांना विचारा आधी.

यवतेश्वर_पहाटे

वरच्या सगळ्यांचं बरोबर आहे, तरी मी वेगळं बोलणार, कारण माझ्याकडं हीच गाडी आहे, साताऱ्यात, तिसरं वर्ष, चौदा हजार किलोमीटर झालेत. ही गाडी रस्त्यावर निरुपयोगी असते हे मला अजिबात मान्य नाही.

पहिल्याच महिन्यात ट्रॅकचे टायर उतरवले आणि रस्त्यावरचे पायलट स्पोर्ट ४एस घातले, कॅम्बर कमी करून घेतला. पावसातला निम्मा धोका तिथंच गेला. पाठीचं म्हणाल तर साठच्या पुढं ही गाडी त्रास देत नाही, उलट हळू चालवताना बारीक बारीक सगळं जाणवतं, डांबराचा जोडसुद्धा कळतो. सीट धरून ठेवते म्हणून मला तरी पाठदुखी नाही. सामानाला पुढं डिकी, मागं डिकी, दोघांची आठवड्याची बॅग आरामात जाते. स्पीडब्रेकरला गाडी तिरकी घालायची, एकेक चाक चढवायचं, मागचा हॉर्न मारत राहिला तरी घाई करायची नाही. पुढच्या बंपरच्या ओठाखाली माझी उभी मूठ कशीबशी जाते, त्यामुळं तो ओठ घासणारच हे धरून चालायचं, तो घासला म्हणून काही बिघडत नाही, खालचं आवरण फाटलं तर बिघडतं. पोर्शेच्याच ९११ जीटी३ ला नाक तीन-चार सेंटीमीटर वर उचलायची सोय ऑप्शनमध्ये मिळते, माझ्या गाडीला ती नाही, आणि ती असती तर मी अजून दोन-तीन रस्ते धरले असते.

मी काय करतो सांगतो. रविवारी पहाटे साडेपाचला निघतो. पहिली दहा-बारा मिनिटं चार हजाराच्या वर नेतच नाही, ऑइल तापायला पाहिजे, पाणी लवकर तापतं पण ऑइलला वेळ लागतो, ऑइलचा काटा ऐंशी डिग्रीच्या पुढं गेला की मग यवतेश्वरचा घाट. वर कासपर्यंत. वेग पन्नास-साठच, काही वेडं करत नाही, पण वळणात शिरताना पुढची चाकं काय करतायत ते बोटात कळतं, दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकताना दांड्याचा जो खट असा ठाम आवाज येतो, त्यासाठी मी आठवडाभर थांबतो. ज्यांना वाटतं की स्पीड मारता येत नाही तर उपयोग काय, त्यांना ही गाडी कळलीच नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

पण विटेकर, तुझ्या पोस्टमधली एक गोष्ट मला खटकली. तू आठ हजारावरच्या आवाजाला भुललायस. या गाडीचे गिअर लय लांब आहेत. दुसऱ्याच गिअरमध्ये ती १३० च्या पुढं जाते, आणि आपल्या पुणे-मुंबई एक्सप्रेसवेलासुद्धा कारला १०० ची मर्यादा आहे. म्हणजे रस्त्यावर तो आवाज कायद्यात राहून ऐकायचा तर फक्त पहिला गिअर, तीन-चार सेकंद. मला घाटातलं हळू चालवणं आवडतं म्हणून माझं भागतं. तुला तो आवाजच पाहिजे असेल तर तासगाव रोडला तो मिळणार नाही आणि मिळवायला गेलास तर कुणाचातरी जीव जाईल.

आणि ऊस सीझन. ऑक्टोबर संपला की अंधार पडल्यावर मी ही गाडी बाहेर काढत नाही, घरची दुसरी नेतो. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, उसाची टोकं बाहेर आलेली, आणि या गाडीत तुझं डोकं ट्रॉलीच्या चाकाच्या उंचीला असतं. ट्रॅक्टरवाल्याला तू दिसत नाहीस. दुसरी गाडी हाताशी नसेल तर माझंही उत्तर 'घेऊ नको' असंच आहे.

विटेकर_८८

सगळ्यांचे मनापासून आभार. तासगाव_सिव्हिल, तुमचं ऐकून शनिवारी सकाळी भाच्याला घेऊन गेलो, दोरी आणि टेप. पन्नास किलोमीटरात स्पीडब्रेकर एकोणीस. त्यातले अकरा रुंद आणि बरे. बाकी आठ वरंबेच, त्यातला सगळ्यात वाईट आमच्याच गल्लीच्या तोंडाला, नव्वद सेंटीमीटर रुंद आणि सोळा उंच. म्हणजे गाडी घरातनं बाहेर पडतानाच घासणार. शेजारचे काका विचारायला आले काय मोजताय, मी सांगितलं, तर म्हणाले हा कमी करायचा नाही, शाळेतली पोरं पळत येतात इथनं. बरोबर आहे त्यांचं.

यवतेश्वर_पहाटे, तुमचं ते आवाजाचं लागलं मनाला, कारण खरं आहे. मला घाटात हळू चालवायची ओढ नाही, मला तो ट्रॅकच पाहिजे. रात्री काकांशी बोललो. मी वर्षातनं सहा-सात वेळा कोइमतूरला जातोच, ट्रॅकपण तिथंच आहे. गाडी घेतली तर विट्याला आणायचीच नाही, काकांच्या पार्किंगमध्ये ठेवायची. इकडं आणायची म्हटली तर एनओसी काढा, महाराष्ट्रात परत रोड टॅक्स भरा, ते सगळं वाचतंय. सांगलीला जायला साधी सेडान बघतो, वडील आणि आई दोघंही बसतील अशी. गाडी महिना-महिना उभी राहिली तर बॅटरीचं काय करायचं आणि घेताना काय काय तपासायचं तेवढं सांगा.

यवतेश्वर_पहाटे

हे पटलं. मग टायर ट्रॅकचेच राहू दे, कॅम्बरपण हलवू नको. बॅटरीला ट्रिकल चार्जर, म्हणजे हळूहळू चार्ज करत राहणारा, कायम लावून ठेवायला सांग काकांना. आणि घ्यायच्या आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी लावून ओव्हररेव्हचा रिपोर्ट काढ, विकणारा नको म्हणाला तर सौदा सोडून दे. मॅन्युअल गाडी ट्रॅकवर चाललेली आहे, कुणी चौथ्यावरून तिसऱ्याऐवजी चुकून पहिल्यात घातली असेल तर इंजिन मर्यादेबाहेर फिरतं आणि ते किती वेळा, किती वर गेलं याची नोंद कॉम्प्युटरमध्ये राहते. बाहेरून कितीही चकाचक असू दे.

मिरज_अलाइनमेंट

ब्रेकच्या डिस्कची कडसुद्धा बघ, बोटाला ठळक पायरी लागली तर झिजलीय. आणि टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, चारही टायरचे वाच. पाच-सहा वर्षं जुना असेल तर खाचा कितीपण दिसू देत, त्या टायरवर ट्रॅकला उतरू नको. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून आतल्या कडेला हात घाल.