मदत हवी आहे: अमेरिकन यादवीतल्या एका नेमबाज शिपायाचा माग कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

व्हरमाँटमध्ये राहतो. इथल्या दफनभूमीत एका दगडावर नाव आणि त्याखाली 'कंपनी एफ, पहिली यू. एस. शार्पशूटर्स' एवढंच कोरलंय. या माणसावर दिवाळी अंकासाठी लेख लिहायचा विचार आहे. नाव इथे देत नाही, त्याचे वंशज असतील.

पलटणीबद्दल बरंच मिळालं. १८६१ मध्ये हायरम बर्डनने उत्तरेच्या सैन्यासाठी अशा दोन रेजिमेंटी उभ्या केल्या. भरतीसाठी परीक्षा होती: टेकू घेऊन २०० यार्डांवरून दहा गोळ्या झाडायच्या आणि केंद्रापासूनची सगळी अंतरं मिळून ५० इंचांच्या आत बसली पाहिजेत. हिरवा गणवेश, मागून भरायची शार्प्स रायफल. बाकीचं पायदळ ठासणीच्या बंदुकीने मिनिटाला दोन-तीन बार काढायचं, हे त्याच्या तिप्पट सहज.

अडचण पुढे आहे. वाचलेल्या निम्म्या लेखांत हे लोक झाडावर दबा धरून एकेक अधिकारी टिपताना दिसतात, उरलेल्या निम्म्यांत ते रांगेने मैदानातून पुढे सरकतात. मग माझा शिपाई नेमकं काय करत होता? आणि त्याची स्वतःची कागदपत्रं कुठे मिळतील? वंशावळीच्या संकेतस्थळांवर नाव, भरतीची तारीख आणि हुद्दा यापलीकडे काही नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ठासणीवाला:
दोन्ही खरं आहे, पण दुसरं जास्त. १८६२ च्या एप्रिलमध्ये यॉर्कटाउनच्या वेढ्यात यांनी खड्ड्यांत बसून दक्षिणेच्या गोलंदाजांना तोफांजवळ फिरकू दिलं नाही. दुर्बीण लावलेल्या जड रायफली मोजक्या लोकांकडे होत्या, त्या अशा वेळी कामाला यायच्या. एरवीचं काम म्हणजे मुख्य फळीच्या पुढे विरळ रांगेत पसरणं, शत्रू कुठे आहे ते चाचपणं आणि त्याला थोपवणं. त्या काळच्या कवायतीत चार-चारांचे गट असत, दोन माणसांत साधारण पाच पावलांचं अंतर. जोडीतल्या दोघांनी आळीपाळीने बार काढायचा, म्हणजे एकाची बंदूक कायम भरलेली.

तुमच्या कंपनीसाठी सगळ्यात मोलाचा प्रसंग २ जुलै १८६३, गेटिसबर्ग. दुपारच्या सुमारास पहिल्या रेजिमेंटच्या चार कंपन्या, त्यात एफ आहे, म्हणजे जेमतेम शंभर माणसं, पिट्झरच्या रानात टेहळणीला गेली. सोबतीला मेन राज्याची तिसरी रेजिमेंट, सुमारे दोनशे. समोर दक्षिणेच्या विल्कॉक्सची अख्खी अलाबामा ब्रिगेड. थोडा वेळ झुंजून हे मागे आले, पण त्या बातमीने उत्तरेचा सेनानी सिकल्स बिथरला आणि हुकूम नसताना आपलं कोअर (अनेक ब्रिगेडींचं मोठं दल) पुढे पीचच्या बागेकडे घेऊन गेला. त्यावरून आजही लोक भांडतात. तुमचा माणूस त्या दिवशी हजेरीपटावर होता का, हे आधी शोधा.

अभिलेख_उंदीर:
कागदांचं सांगतो. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही मागवा. एक सेवा-नोंद. ही युद्धानंतर कारकुनांनी हजेरीपटांवरून कार्डांवर उतरवली. हजर, गैरहजर, इस्पितळात, एवढंच कळतं. दुसरी पेन्शनची फाइल, आणि खरी गंमत तिच्यात. जखम कुठे, कशी झाली हे सिद्ध करायला जुन्या सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं जोडलेली असतात. बायकोने विधवा पेन्शन मागितली असेल तर लग्नाचा पुरावा, मुलांच्या जन्मतारखाही. पेन्शनसाठी फॉर्म ८५, सेवा-नोंदीसाठी ८६.

लढाईचे सरकारी अहवाल १२८ पुस्तकांच्या संचात छापलेत, स्कॅन फुकट मिळतात. गेटिसबर्ग पहिल्या मालिकेच्या २७ व्या खंडात. बर्डनचा अहवाल मात्र जरा सावधपणे वाचा, स्वतःची पाठ थोपटण्यात गडी पटाईत होता. त्याच खंडात विल्कॉक्सचाही अहवाल आहे, दोन्ही शेजारी ठेवा.

पेठेतला:
एक भर. लेखात 'रायफल आली आणि पाचशे यार्डांवरून माणसं पडू लागली' असं सरसकट लिहू नका. साध्या शिपायाकडची स्प्रिंगफील्ड किंवा एनफिल्ड (हो, १८५७ च्या काडतुसांवाली तीच) गोळी बऱ्यापैकी वाकड्या मार्गाने फेकते. मागची नेमपट्टी ३०० यार्डांना लावून कमरेवर नेम धरला तर मधल्या पट्ट्यात गोळी उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाते. अंतर अचूक ओळखायचा सराव फार थोड्यांना होता, म्हणून बऱ्याचशा चकमकी शंभर-सव्वाशे यार्डांवरच झाल्या. बर्डनच्या लोकांचं वेगळेपण इथे आहे: त्यांना अंतर कळायचं.

आणि गेटिसबर्गच्या डेव्हिल्स डेन या खडकाळ जागेतला मेलेल्या 'नेमबाजाचा' तो प्रसिद्ध फोटो लेखाला लावू नका. छायाचित्रकार गार्डनरच्या मंडळींनी तेच प्रेत आधी दुसऱ्या जागी टिपलंय, मग उचलून दगडांच्या आडोशाला आणलं. शेजारी टेकवलेली बंदूकही साध्या पायदळाची.

धागाकर्ता:
मनापासून आभार. तो फोटोच मुखपृष्ठाला सुचवणार होतो, वाचलो! पेन्शनच्या नावसूचीत नाव सापडलं, अर्ज विधवेच्या नावाने आहे. फाइल घरपोच मागवू की स्वतः जाऊ?

अभिलेख_उंदीर:
जमत असेल तर जाच. संशोधक-कार्ड तिथेच फुकट काढून देतात, ओळखपत्र न्या. फाइल हातात आली की सोबत्यांची नावं उतरवून घ्या आणि त्यांच्याही फाइली काढा. तुमच्या माणसाने त्यांच्यासाठी साक्ष दिली असेल, तर त्याचं बोलणं तिथे सापडेल.