कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये स्वस्तातला शेडनेटचा मांडव आणि उंच वाफे करायचेत, सल्ला द्या

तापीकाठची
नमस्कार मंडळी. आम्ही भुसावळकर. कॉलनीत ६० बाय ४० फुटांची ओपन स्पेस आहे, इतकी वर्षं तिथं नुसतं गाजर गवत आणि लग्नसराईत कोणाचा तरी मांडव. यंदा महिला मंडळानं मनावर घेतलंय की एका बाजूला बसायला सावली करायची आणि दुसऱ्या बाजूला भाजीचे उंच वाफे, जेणेकरून गुडघे दुखणाऱ्या बायकांनाही काम करता येईल. वर्गणीचे पंचवीसेक हजार जमलेत, त्यात बसलं पाहिजे. जमीन काळी, बोअरचं पाणी खारवट, पश्चिमेला सगळं मोकळं शेत. मे कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको, पारा ४५ च्या वर. एका फॅब्रिकेशनवाल्यानं पत्र्याच्या शेडचं कोटेशन दिलं, ते ऐकून सगळ्यांनी गुपचूप चहा संपवला आणि उठल्या. तर बांबू की पाईप, नेट किती टक्क्याची, वाफ्याला विटा लावू की पत्रा, जरा सविस्तर सांगा.

केळीवाला_रावेर
ताई, पयले वारा देखा, मंग सावलीनं देखू 😄 मे संपता संपता आणि जूनच्या सुरुवातीला जे वादळ येतं ना त्यात आमच्या उभ्या बागा आडव्या होतात, तुमचा मांडव काय चीज आहे. नेटमधून वारा जातो म्हणतात, जातो पण सगळा जात नाही, ७५ टक्केवाली नेट तर जवळपास शिडासारखीच फुगते आणि खांब वर उपटते. लोक खांब वजनानं खाली बसेल याची काळजी करतात, खरं भय उपटण्याचं असतं. कोपऱ्याच्या खांबांना दीड बाय दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घेऊन काँक्रीट भरा, तेवढ्याचं वजन तीनेकशे किलो होतं, शिवाय प्रत्येक कोपऱ्यातून बाहेर तिरपा ताण द्या, खुंटा चांगला ठोकून. काळ्या मातीत खड्ड्याच्या तळाशी आणि बाजूनं मुरूम कुटून भरा, नाहीतर पावसात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब दर वर्षी थोडा थोडा कलतो.

आणि नेट कायमची घट्ट बांधू नका. एक बाजू पक्की, बाकी पडद्यासारखी तारेवर सरकणारी ठेवा. पश्चिमेकडून अंधारून आलं की दोन माणसांनी दोरी ओढून नेट गुंडाळायची, पाच मिनिटांचं काम.

सिव्हिलवाला_धुळे
वरच्या भाऊंशी सहमत. मी सावलीबद्दल लिहितो कारण त्यात बहुतेकांचा अंदाज चुकतो. आपल्याकडे २५ मेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, तेव्हा वरच्या नेटची सावली बरोबर खाली पडते, सगळे खूष. पण बसायला दुपारी बाराला कोण येतंय? लोक येणार चारनंतर. चार वाजता नऊ फूट उंच छताची सावली दहा-अकरा फूट पूर्वेला सरकलेली असते आणि पाच वाजता जवळपास अठरा फूट. म्हणजे तुम्ही १२ फूट रुंदीचा मांडव घातला तर पाच वाजता मांडवाखाली ऊन आणि शेजारच्या रस्त्यावर सावली. म्हणून दोन गोष्टी करा, मांडवाची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा (२० बाय १२ पुरेल), आणि पश्चिमेची बाजू उभी झाका. छत मोठं करण्यापेक्षा ही उभी बाजू जास्त कामाची, खर्चही कमी.

वाफे मांडवाच्या दक्षिणेला घ्या. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो, भर दुपारीसुद्धा नऊ फुटाच्या खांबाची सावली उत्तरेला नऊ फूट पडते. उत्तरेला वाफे केले तर ज्या थंडीत भाजी सगळ्यात चांगली येते तेव्हाच त्यांना ऊन नाही.

पाईप की बांबू म्हणाल तर, कोपऱ्याचे चार खांब दीड इंची जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाईप, भंगारात बघा, मधले टेकू बांबूचे. बांबू थेट मातीत गाडू नका, वाळवी लागते. काँक्रीटमध्ये थोड्या मोठ्या पाईपचा तुकडा उभा बसवा, त्यात खांब सोडून आरपार बोल्ट मारा. काढता येतो, आणि ओपन स्पेसमध्ये तेच लागतं.

तापीकाठची
काढता येतो म्हणजे परवानगीच्या दृष्टीनं म्हणताय का?

सिव्हिलवाला_धुळे
हो. ओपन स्पेस कागदावर कोणाच्या ताब्यात आहे ते आधी बघा, नगरपालिकेकडे असेल तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या, आणि अर्जात "तात्पुरता, काढता येणारा, भिंत नसलेला" असं स्पष्ट लिहा. कॉलनीत एक तरी माणूस असतोच जो काम पूर्ण झाल्यावर तक्रार करतो.

नेटदुकान_चोपडा
माझं दुकानच शेडनेटचं आहे तर थोडं आतलं सांगतो. टक्के म्हणजे किती ऊन अडतं ते. बसायच्या जागी ७५, वाफ्यांवर ३५ किंवा ५०, त्याच्यावर गेलात तर भाजी नुसती लांबट होते, फळ धरत नाही. घेताना यूव्ही स्टॅबिलाइज्ड आहे का विचारा, साधी नेट आपल्या उन्हात लवकर कडकडीत होऊन हातात चुरा होते. नेट मधून फाटत नाही, बांधलेल्या जागी फाटते. सुतळी उन्हात कुजते, बायंडिंगची तार नेट कापते. काठाला लाकडी पट्टीत नेट दाबून स्क्रू मारा. आणि तापलेला लोखंडी पाईप किंवा तार जिथं नेटला घासते तिथं जुनी ड्रिपची १६ एमएमची नळी उभी चिरून तारेवर चढवा, खटकन बसते, पाईपला तीच पट्टी गुंडाळा. आपल्या भागात जुन्या नळ्या भंगारवाल्याकडे ढिगानं पडलेल्या असतात, ओढून न्यायला सांगतात.

मास्तर_अमळनेर
उंच वाफ्यांबद्दल जरा सावधपणे लिहितो, कारण हे प्रकरण व्हिडिओत बघून लोक तसंच्या तसं उचलतात. वाफा जितका उंच तितका लवकर सुकतो. पावसाळ्यात काळ्या जमिनीत पाणी साचतं तेव्हा उंच वाफा वरदान, पण मेमध्ये तोच चारही बाजूंनी तापतो. म्हणून सगळे वाफे अडीच फूट करू नका. एकच उंच करा, ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी, बाकीचे फूटभर. रुंदी चार फुटांवर नको, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, आत पाय ठेवायची वेळ आली की माती दबलीच. मधली वाट दोन-अडीच फूट, घमेलं घेऊन माणूस वळला पाहिजे.

१० बाय ४ चा फूटभर उंच वाफा म्हणजे ४० घनफूट माती, चार वाफ्यांना १६० म्हणजे दीड ब्रासच्या वर (ब्रास म्हणजे १०० घनफूट). ही माती आणायचाच खर्च जास्त, विटांचा नाही. म्हणून तळाचे चार-पाच इंच केळीच्या खोडाचे तुकडे, तुकडे केलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) असं भरा, वर शेणखत, मग माती. खोड पाणी धरून ठेवतं आणि फुकट मिळतं. फक्त ते कुजून वाफा खाली बसणार, तेव्हा पहिल्या वर्षी वरून भर घालायची तयारी ठेवा. नुसती काळी माती भरू नका, भेगा पडतात, त्यात एक तृतीयांश शेणखत आणि थोडी जाड वाळू किंवा वीटभट्टीचा चुरा.

बिनधास्त_पाचोरा
एवढं कशाला, जुने टायर नाहीतर डांबराचे पिंप उभे कापा, फुकटात वाफे तयार. आमच्या इथं केलेत.

मास्तर_अमळनेर
थंडीत ठीक आहे हो. मेमध्ये दुपारी त्या पिंपाला हात लावून बघा, आतल्या मुळ्यांचं काय होत असेल. शिवाय डांबराच्या पिंपात खायची भाजी मी तरी लावणार नाही. विटा लावा, चुना-सिमेंट काही नको, कोरड्या रचा, बाहेरून ओलं बारदान टाकता येतं. पत्राच असेल तर पश्चिमेच्या बाजूनं तरी नको.

तापीकाठची
मास्तर, पाणी किती लागेल? आमच्याकडे एकच नळ आहे.

केळीवाला_रावेर
मी सांगतो. मेमध्ये त्या ४० चौरस फुटाला रोज दोन बादल्या धरा, आच्छादन असेल तर. गव्हाचं भूस किंवा केळीची सुकी पानं दोन-तीन इंच जाड टाका. प्रत्येक वाफ्यावर तीन लायनी इनलाइन ड्रिप (नळीतच ड्रीपर बसवलेले असतात ती), मेनला फिल्टर हवाच, खारवट पाण्यानं ड्रीपर चोंदतात. टाकी तीन-चार फुटांवर ठेवून नुसत्या उतारावर चालवणार असाल तर दाब फार कमी मिळतो, लायनी छोट्या ठेवा, आणि पाणी सकाळी लवकर.

मावशी_शहादा
अगं, लावायचं काय ते कोणीच बोलेना! मेमध्ये मेथी-कोथिंबिरीच्या नादी लागू नका, पोकळा, अंबाडी, चवळी लावा, उन्हात टिकतात. पश्चिमेच्या त्या उभ्या बाजूला नेट कशाला, तारा ओढून फेब्रुवारीत गिलके सोडा, एप्रिलपर्यंत चढतं, सावलीही होते आणि भाजीही. सोबत दोन शेवगे लावून द्या, तेही एका वर्षात वर येतात. थंडीसाठी भरताची वांगी पावसाळ्यातच लावून ठेवा, जळगावच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालंय, आपलं आपण नाही लावायचं तर कोण लावणार.

आणि एक, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पोरी त्या मांडवाच्या पाईपला झोका बांधतील, आजच लिहून ठेव. झोक्याचा हिसका वाऱ्यापेक्षा वाईट. जवळपास कडुनिंब असेल तर तिथं आधीच झोका बांधून द्या, म्हणजे इकडे कोणी फिरकणार नाही.

तापीकाठची
मावशी, तुमचं अगदी बरोबर, गेल्या वर्षी लग्नाच्या मांडवालाच बांधला होता 😅

सगळ्यांचं वाचून आता असं ठरवलंय, २० बाय १२ चा मांडव पूर्व-पश्चिम, चार पाईप, सरकणारी ७५ ची नेट, पश्चिमेला गिलके, दक्षिणेला चार वाफे, त्यातला एकच उंच. अर्ज उद्या देते. मेमध्ये अर्ध्या बायका माहेरी जातात, तेव्हा पाण्याची पाळी कशी लावायची ते कोणाकडे चालतं का?

सिव्हिलवाला_धुळे
वाफा एका घराचा न ठेवता दोन घरांचा ठेवा, आणि दोन्ही घरं एकाच वेळी गावाला जाणारी नसावीत, एवढं बघून जोड्या लावा. बाकी टायमर आहे बाजारात, पण खारवट पाण्यात त्याचा व्हॉल्व्ह अडकतो. आणि शेळ्यांसाठी कुंपण विसरलात, चार फुटी जाळी तरी हवी.