थकलेला पगार आणि असमान वेतन : ठाणे-नवी मुंबईतील कामगारांनो, आपले अनुभव लिहा

वागळे इस्टेटपासून तुर्भे, महापे, तळोज्यापर्यंत पगार थकल्याच्या तक्रारी रोज कानावर येतात. पण तो वसूल कसा झाला हे क्वचितच कोणी लिहून ठेवते, आणि मग प्रत्येक कामगाराला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून कोणता कागद उपयोगी पडला आणि घोडे कुठे अडले, ते सविस्तर लिहावे. मालकाचे नाव लिहू नये. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असल्याने अनुभव त्याआधीचा असल्यास तसे नमूद करावे. दाव्याची मुदत आता तीन वर्षे आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात ती एकच वर्ष होती.

तुर्भे, पॅकिंग कामगार :
हा अनुभव जुन्या कायद्याच्या काळातला आहे. दिवाळीच्या तोंडावर ठेकेदाराने फोन उचलणे बंद केले आणि कंपनीच्या मॅनेजरसाहेबांनी "तुम्ही आमच्या रोलवर नाही" असे सांगून आम्हाला गेटवरूनच परत पाठवले. नेमणूकपत्र नाही, पगाराची पावती नाही. कामगार उपायुक्तांकडे अर्ज करण्याआधी युनियनच्या एका काकांनी आम्हाला डब्याच्या पिशव्या उलट्या करायला लावल्या आणि त्यांतून निघालेले गेटपास तारखेप्रमाणे लावले. घामाने अक्षरे फिसकटली होती, पण कंपनीचा गोल शिक्का स्पष्ट होता. कंत्राटी कामगार कायदा, १९७० च्या कलम २१ प्रमाणे ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने तो द्यायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा. हे सुनावणीत मांडल्यावर कंपनीचा सूर बदलला आणि पगार मिळाला. ओव्हरटाइम मात्र बुडाला, कारण त्याची नोंद फक्त ठेकेदाराच्या वहीत होती. त्याचे मला आजही वाईट वाटते.

वागळे इस्टेट, तपासणी विभाग :
आमच्या टेबलावर बायका आणि पुरुष एकच माल तपासतात, तरी पुरुषांची रोजी जास्त होती. विचारले की "पुरुष खोकी उचलतात" असे उत्तर मिळे. खोकी हेल्पर उचलतो, हे आम्ही सगळ्याजणींनी सह्यांनिशी लिहून दिले. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतील महिला लघुलेखकांच्या खटल्यात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक अडचणीची सबब मान्य केली नव्हती. तो निकाल वकीलताईंनी अर्जाला जोडला. तेव्हा मालकाने पुरुषांचीच रोजी उतरवण्याची धमकी दिली. तसे करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यात मनाई होती, नव्या संहितेतही आहे. आता रोजी सारखी झाली आहे, मागचा फरक अजून मिळायचा आहे.

घोडबंदर रोड, गवंडी :
नाक्यावरून काम घेतले, तोंडी व्यवहार होता. निम्मी मजुरी मिळाली.

आवाहनकर्त्याकडून :
गवंडीदादा, दावा सोडू नका. संहितेच्या कलम ५९ प्रमाणे मजुरी दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. तुम्ही तिथे काम केल्याचे मात्र दाखवावे लागेल. सोबतच्या मजुरांची साक्ष आणि मुकादमाचे मेसेज जपून ठेवा.

महापे, माजी टीम लीडर :
पूर्वी महिना २४,००० रुपयांवर पगार असला की वेतन प्रदान कायद्याचे दार बंद होते. संहितेत ती मर्यादा नाही, आणि राजीनामा दिला तरी पगार कामाच्या दोन दिवसांत चुकता करायचा आहे. हे कलम १७ मी ईमेलमध्ये लिहिल्यावर एचआरने पगार जमा केला, पण रजेचे पैसे अडवून ठेवले आहेत. असा दावा कोणी लढवला असल्यास अर्जासोबत काय जोडले ते कृपया कळवावे.