सत्तरीच्या उंबरठ्यावर पिल्लू आणावं का?

उंबर:
माझं वय ६७. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. बायको जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी बंगळूरला. गेल्या मार्गशीर्षात आमचा मोती गेला, साडेतेरा वर्षांचा होऊन. शेवटचे चार महिने त्याच्या मागच्या पायांत जोर नव्हता. पोटाखालून जुना पंचा घालायचा, दोन्ही टोकं वर धरायची, असं दिवसातून तीनदा त्याला खाली न्यायचो. पुढे पुढे तर जिन्याशी आला की तो आपणहून थांबायचा आणि मी पंचा घालेपर्यंत मागे वळून बघत राहायचा. त्याचा पट्टा अजून दारामागच्या खिळ्याला आहे. कडीत दोन-चार पांढरे केस अडकलेत, ते काढवत नाहीत.

आता सोसायटीच्या मागे एक कुत्री व्यालीये. पाचातलं एक पिल्लू, कानावर तांबूस ठिपका असलेलं, मी बाकावर बसलो की माझ्या चपलेवर येऊन झोपतं. मला ते घरी आणायचंय. मुलगी म्हणते, "बाबा, ते १४ वर्षं जगलं तर तुम्ही ८१ चे असाल. मग त्याचं कोण करणार?" तिचं चूक आहे असं म्हणता येत नाही, आणि मन मानतही नाही. तुम्हाला काय वाटतं? मोकळेपणाने सांगा.

रानजाई:
काका, स्पष्टच सांगते, आणू नका.

माझ्या मावशीने सत्तराव्या वर्षी पॉमेरियनचं पिल्लू आणलं. चार वर्षं दोघांचं फार छान चाललं. मग एका रात्री तिला दवाखान्यात नेलं, ती परत आलीच नाही. दिवसकार्याला घर माणसांनी भरलेलं, आणि लिफ्टचा आवाज आला की तो दाराशी चपलांच्या ढिगात जाऊन बसायचा. मावशीची निळी स्लिपर ओढून काढायचा, तिच्यावर हनुवटी ठेवायचा. दोन दिवस पाण्याशिवाय त्याने काही घेतलं नाही.

पुढे तो आम्हा भावंडांत फिरला. एकाकडे तान्हं बाळ, एकाचा घरमालक तयार नाही, माझ्या मुलाला दमा. कारणं सगळी खरी होती, कोणी वाईट नव्हतं. शेवटी एका निवाऱ्यात ठेवला. मी दोनदा भेटायला गेले. दुसऱ्यांदा तो उठलाच नाही, जागेवरूनच बघत राहिला. तिसऱ्यांदा जायचं माझं धाडस झालं नाही. कुत्रं आपल्याला जन्मभर साथ देतं असं आपण सगळेच म्हणतो. त्याचा जन्म किती उरलाय, हे आणताना कोणी मोजत नाही.

सांगलीकर:
रानजाई, वाचून गलबलून आलं. तरीही वयाचा मुद्दा मला पटत नाही. टोकियोच्या हाचिकोचंच घ्या. त्याचे मालक प्रोफेसर उएनो म्हातारे नव्हते, ५३ वर्षांचे, नोकरीत होते. जानेवारी १९२४ मध्ये पिल्लू घरी आलं आणि २१ मे १९२५ रोजी प्रोफेसर विद्यापीठातच मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. दोघांना दीड वर्षसुद्धा मिळालं नाही. हाचिको मात्र ८ मार्च १९३५ ला मरेपर्यंत शिबुया स्टेशनवर त्यांची वाट बघत होता. मग काय, पन्नाशीतही पिल्लू आणायचं नाही? तिशीतल्या माणसाची तरी खात्री कोणी द्यावी?

रानजाई:
हाचिकोचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. प्रोफेसरांबरोबर राहणाऱ्या याएंशी त्यांचं कायदेशीर लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना घर सोडावं लागलं. कुत्रं या घरातून त्या घरात गेलं, अखेर प्रोफेसरांच्या जुन्या माळ्याकडे राहिलं. १९३२ मध्ये वर्तमानपत्रात बातमी येईपर्यंत स्टेशनवरची माणसं त्याला हाकलत, मारतसुद्धा. पुतळा झाला तो १९३४ मध्ये. पुतळा सगळ्यांना माहीत असतो, मधली वर्षं कोणी सांगत नाही.

सांगलीकर:
पण माळ्याने त्याला नीट सांभाळलं होतं ना? खायला होतं, घर होतं. तरी तो स्टेशनवर जायचाच. म्हणजे सोय केली म्हणून दुःख टळत नाही. आणि पुढे दुःख होईल म्हणून आज त्या पिल्लाला रस्त्यावरच ठेवायचं का? रस्त्यावरच्या पाच पिल्लांतली किती वर्षभर जगतात, आपण रोज बघतो. काकांकडे त्याला पाच वर्षं मिळाली तरी ती त्याच्या पदरात पडलेली पाच वर्षं आहेत.

गोठा_ते_दवाखाना:
मी पशुवैद्य आहे. देशी कुत्रं घरात नीट ठेवलं तर १२ ते १५ वर्षं जगतं. लॅब्राडोर साधारण १० ते १२, ग्रेट डेन त्याहून कमी. त्यामुळे मुलीचं गणित बरोबर आहे. पण काका, तुमच्या वयाला अडचण मरणाच्या बऱ्याच आधी येते. आठ महिन्यांचं कुत्रं मांजर दिसलं की हिसडा मारतं, मालक जिन्यात पडतो, खुबा मोडतो. असे दोन-तीन मालक माझ्या माहितीत आहेत. शिवाय लहानपणी दर दोन तासांनी शू, म्हणजे दर दोन तासांनी दोन मजले.

तुम्ही सहा-सात वर्षांचं शांत कुत्रं का घेत नाही? त्यांना कोणी नेत नाही. मालक गेल्यावर धडधाकट कुत्र्याला "झोपवून टाका" म्हणून नातेवाईक माझ्याकडे येतात. मी नाही म्हणते आणि मग घर शोधत बसते. आजही एक माझ्याकडे आहे, कंपाउंडरच्या टेबलाखाली.

लेखणी_खाली:
एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे कुत्र्याच्या नावावर पैसे ठेवता येत नाहीत. सांभाळणाऱ्या माणसाच्या नावे ठेवता येतात, मृत्युपत्रात तसं लिहून. रतन टाटा ८६ व्या वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले, तेव्हा त्यांनी टिटो या कुत्र्याच्या देखभालीची तरतूद मृत्युपत्रात केल्याचं वर्तमानपत्रांत आलं होतं.

रानजाई:
टाटांच्या घरात टिटोला रोज जेवू घालणारी माणसं होती. पैसे कुणीही ठेवेल. माणूस कुठून आणायचा?

उंबर:
सगळ्यांचं दोनदा वाचलं. रानजाई, तुमच्या मावशीची स्लिपर डोळ्यांपुढून हलत नाही. मोतीच्या वेळी मी ५४ चा होतो, असला विचार मनाला शिवलासुद्धा नव्हता. डॉक्टरबाई, तुमच्या टेबलाखालच्या कुत्र्याबद्दल वेगळं विचारणार आहे. पण हे पिल्लू आता माझा आवाज ओळखतं, त्याचं काय करू ते कळत नाही.

काल रात्री मुलीला फोन केला. पिल्लू आणू का, हे विचारलं नाही. माझ्यानंतर तू त्याला नेशील का, असं विचारलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, असं काहीतरी विचारू नका." थोड्या वेळाने तिनेच परत फोन करून विचारलं, किती मोठं होईल ते? जावयांशी बोलते म्हणाली.

पिल्लू पाच आठवड्यांचं आहे. आठ आठवड्यांपर्यंत आईपासून तोडायचं नसतं, एवढं मोतीमुळे ठाऊक आहे. म्हणजे तीन आठवडे हातात आहेत.

रानजाई:
मुलगी हो म्हणाली तर माझा विरोध संपला, काका. फक्त फोनवरचा होकार घेऊ नका. तिला पुण्याला बोलवा, पिल्लू तिच्या मांडीवर द्या, आणि मग विचारा.