ड्रेस मेकिंगच्या मुलींना कामापुरतं इंग्रजी कसं शिकवावं?

प्रश्न : आयटीआयमध्ये शिकवते. इंग्रजी म्हटलं की मुलींच्या माना खाली. काल मात्र एकीने 'सीम अलाउन्स' म्हणजे शिलाईसाठी सोडलेलं कापड, हे चटकन सांगितलं. सुरुवात इथूनच करू का?

उत्तर १ : नक्की करा, मॅडम. मी एक्स्पोर्टच्या सॅम्पलिंगला, म्हणजे नमुन्याचे कपडे शिवण्याच्या कामाला आहे. मापात ०.५ सेंमी फरक चालणार होता, पण 'टॉलरन्स' म्हणजे हाच चालणारा फरक, हे न कळल्यामुळे आमच्या एका मुलीने चांगला शर्ट उसवला. फार वाईट वाटलं. शंका आली की विचारायला "प्लीज कन्फर्म" एवढं तरी तोंडात बसवा.

उत्तर २ : व्याकरण अगदी सोडू नका. 'ॲटॅच' आणि 'ॲटॅच्ड' : बटण लावायचंय की लावलंय?

प्रश्नकर्ती : पटलं. सोमवारी टेप आणि जुना कुर्ता नेते. शोल्डर, आर्महोल (बाही जोडायची जागा), हेम (खालची दुमड), हात लावून म्हणायचं.