मदत हवी आहे: दिवेलागणीनंतर माझे सगळे फोटो हललेले येतात

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे खिशात मावेल असा छोटा डिजिटल कॅमेरा आहे. उन्हात, बाहेर, फोटो इतके छान येतात की माझं मलाच कौतुक वाटतं. संध्याकाळ झाली की मात्र त्याचं काय बिनसतं कळत नाही. घरातल्या दिव्यात दहा फोटो काढले तर सात-आठ धूसर. त्यातून कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर सगळे झकास दिसतात, आणि कॉम्प्युटरवर टाकले की एकेका चेहऱ्याला दोन-दोन नाकं!

परवा तर हद्द झाली. भाचीचं गाणं होतं एका सभागृहात. मी बरीच मागे बसले होते, म्हणून पूर्ण झूम करून तीसेक फोटो काढले. एकही धड नाही. मध्येच फ्लॅश लावून पाहिला, तर पुढच्या रांगेतली डोकी पांढरीफटक आणि स्टेज काळंकुट्ट. आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० केला, तर चेहरा रवाळ दिसायला लागला, म्हणून घाबरून परत ४०० वर आणला. 'तुझा हातच थरथरतो' हे घरच्यांचं निदान. पण कॅमेऱ्यातलं अँटी-शेक तर चालूच आहे, मग ते करतं तरी काय?

नवीन कॅमेरा घ्यायची तयारी नाही आणि प्रत्येक ठिकाणी ट्रायपॉड नेणंही जमणार नाही. जाणकारांनी सांगावं, चूक माझी की कॅमेऱ्याची?

प्रतिसाद

आधी निदान करू, औषध मग. बिघडलेला फोटो मोठा करून बघा. सगळंच्या सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतंय? मग हात हलला. मागची भिंत, खुर्च्या स्वच्छ आणि फक्त माणूस फराटल्यासारखा? मग माणूस हलला. माणूस धूसर पण त्याच्या मागचा पडदा कडक? मग फोकस चुकला. या तिन्हींना आपण 'हलला' म्हणतो, पण उपाय तिन्हींचे वेगळे.

आणि फोटोच्या माहितीत तीन आकडे असतात: शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), एफ नंबर (लेन्सचं भोक केवढं; आकडा मोठा तितकं भोक लहान), आयएसओ. ते इथे टाका. त्याशिवाय बोलणं म्हणजे अंधारात तीर.

धागाकर्ती

सभागृहातला एक फोटो: शटर १/६ सेकंद, एफ ५.९, आयएसओ ४००. सगळंच ओढल्यासारखं दिसतंय, मागचा पडदासुद्धा.

प्रतिसाद

सापडला चोर. १/६ सेकंद म्हणजे शटर इतका वेळ उघडं, की त्यात भलेभले हलतील. घरच्यांना सांगा, हाताचा दोष नाही.

खरा घोटाळा झूमचा आहे. तुमच्या लेन्सवर कडेला दोन एफ नंबर छापलेले असतील, बघा. पहिला झूम न करता, दुसरा पूर्ण झूमला. समजा ३.० ते ५.९ आहे. आकडा दुप्पट झाला की आत येणारा उजेड जवळजवळ पाव होतो. म्हणजे झूम केलात तेव्हा चारातले तीन हिस्से उजेड तुम्ही स्वतःच घालवलात. वर झूममध्ये हाताची थरथरही तेवढीच मोठी दिसते. जुना ठोकताळा असा: लेन्सची लांबी (जितका झूम तितकी जास्त) ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याच्या हिशेबात १४० मिमी असेल तर शटर निदान १/१४० हवं, २८ मिमी असेल तर १/३० चालतं. तुम्ही होतात १/६ वर.

आता उलटा हिशेब करा. झूम न करता, उठून पुढे गेलात तर त्याच उजेडात १/६ चं साधारण १/२५ होतं. आयएसओ ४०० चा १६०० केलात की १/१००. गाणाऱ्या माणसाला तेवढं पुष्कळ.

धागाकर्ती

पण १६०० ला चेहरा रवाळ होतो त्याचं काय?

प्रतिसाद

होऊ द्या. दाणेदार फोटो छोट्या आकारात छापला की दाणे कुणाच्या लक्षातही येत नाहीत. हललेला फोटो कितीही लहान करा, हललेलाच राहतो. छोट्या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, बहुधा जेमतेम ६ मिमी रुंद असतो, 'फुल फ्रेम' म्हणतात त्या मोठ्या कॅमेऱ्यांचा ३६. तेवढ्याशा जागेत उजेड गोळा करायचा तर दाणे येणारच. मेन्यूत ऑटो आयएसओची कमाल मर्यादा ठरवता येत असेल तर ती ८०० किंवा १६०० करून ठेवा, म्हणजे दर वेळी खटपट नको.

प्रतिसाद

अँटी-शेकबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. ते फक्त तुमच्या हाताची थरथर सावरतं. समोरचं माणूस हललं तर त्याला ते काय करणार? ट्रायपॉडवर मात्र बंद ठेवलेलं बरं.

ट्रायपॉड नसला तरी कॅमेरा टेबलावर, कठड्यावर, खुर्चीच्या पाठीवर टेकवा आणि २ सेकंदांचा सेल्फ-टायमर लावा. बटण दाबतानाच कॅमेरा सर्वांत जास्त हलतो, ते टळतं. काहीच टेकू नसेल तर कोपरं पोटाशी घट्ट धरून, पाठ भिंतीला लावून, श्वास सोडता सोडता काढा. हात लांब करून स्क्रीनकडे बघत काढायची सवय आधी सोडा, मीही त्यातलाच होतो.

आणि बटण आधी अर्धं दाबा. फोकसची हिरवी चौकट आली की मगच पूर्ण. एकदम दाबलं की अंधारात कॅमेरा चाचपडत राहतो.

प्रतिसाद

फ्लॅशबद्दल: या कॅमेऱ्यांचा फ्लॅश तीन-चार मीटरपर्यंतच पोचतो, झूमला त्याहून कमी. सभागृहात तो बंदच ठेवा, बाकीच्यांनाही त्रास. घरात दोन मीटरवर माणूस असेल तर 'स्लो सिंक' (फ्लॅशबरोबर शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवणारा मोड) वापरून पाहा, मागची खोली काळी पडत नाही.

धागाकर्ती

मंडळी, काल रात्री घरातच बसून प्रयोग केले. झूम नाही, आयएसओ १६००, आईला दिव्याच्या जवळ बसवलं. शटर १/६०, आणि फोटोत तिच्या चष्म्याची काडीसुद्धा स्पष्ट! तेच फोटो पूर्ण झूमला १/१५ वर गेले आणि हलले. लेन्सवर खरंच ३.० ते ५.९ छापलंय, इतक्या दिवसांत कधी वाचलंच नव्हतं.

फक्त भाचीचा दीड वर्षाचा भाऊ काही सापडत नाहीये. १/६० लाही त्याचे हात गायब.

प्रतिसाद

धावतं मूल १/२५० च्या खाली सापडत नाही, आणि घरातल्या दिव्यात या कॅमेऱ्याने ते गाठणं कठीण. त्याला दिवसा खिडकीपाशी गाठा. रात्रीच हवा असेल तर जवळ जाऊन फ्लॅश लावा. फ्लॅशचा लखलखाट इतका क्षणिक असतो की हात थिजल्यासारखे येतात. नाहीतर बर्स्टवर (एकामागून एक सलग फोटो) ठेवून बटण दाबून धरा आणि तो उडी मारून वर पोचतो, क्षणभर थांबतो, तो फोटो निवडा.

धागाकर्ती

बर्स्टमध्ये एक मिळाला! डोळे मिटलेले आहेत, पण हात दोन्ही दिसतायत.