जपानमध्ये जुगाराला बंदी, मग नाओया किहारा पोकर प्रो (पोकर हा पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ) कसा झाला?

प्रश्न: किहाराने २०१२ ला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या लास वेगासच्या मोठ्या स्पर्धामालिकेचं ब्रेसलेट (तिथल्या विजेत्याला मिळणारं कडं) जिंकलं, जपानचं पहिलंच. पण तिकडे पैसे लावून खेळता येत नाही ना, मग शिकला कुठे?

उत्तर १: तो आधी बॅकगॅमन (फाशांवर चालणारा पटावरचा खेळ) खेळायचा, टोकियो युनिव्हर्सिटीत शिकलेला, त्यामुळे शक्यतांचं गणित पक्कं होतंच, आणि मोठ्या टूर्नामेंट खेळायला सरळ लास वेगासला जायचं. ब्रेसलेट आलं ते ५,००० डॉलर एन्ट्रीच्या सिक्स-हँडेड पॉट लिमिट ओमाहात (ओमाहा हा पोकरचा एक प्रकार; टेबलावर जास्तीत जास्त सहा जण, आणि पैज मधल्या जमा रकमेच्या मर्यादेतच), बक्षीस ५,१२,०२९ डॉलर!

उत्तर २: ओमाहात जिंकला हेच मला जास्त भारी वाटतं. हातात चार पत्ते, त्यातले बरोबर दोनच टेबलावरच्या पत्त्यांसोबत वापरायचे, त्यामुळे होल्डेमपेक्षा (हातात दोनच पत्ते असलेला पोकरचा प्रकार) हिशोब फार किचकट होतो.

प्रश्नकर्ता: बॅकगॅमनचं माहीतच नव्हतं, थँक्स!